हौशी वाचकांची पंचायत

पुरस्काराची वार्ता वाचताना आपण ग्रंथाचे नाव पाहतो, ग्रंथकाराचे पाहतो, सोबत काही रक्कम असेल तर तिच्याकडेही एक चोरटा कटाक्ष टाकतो. परंतु ज्यांनी तो निर्णय दिला त्यांनी तो देण्यापूर्वी किती पुस्तके वाचली, आणि ती अथपासून इतिपर्यंत वाचली की मुखपृष्ठावरून थेट मलपृष्ठावर उडी घेतली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारणे शिष्टसंमतही नाही. कारण परीक्षकाने पुस्तक वाचलेले असते हे गृहीतकृत्य एकदा मोडले की पुरस्कार नावाची सगळी इमारतच डळमळू लागते. प्रस्तुत पुस्तिकेत ज्या अमेरिकन पुरस्काराचा वृत्तान्त आला आहे, त्याच्या कारभाराची मांडणीच मुळी या न विचारलेल्या प्रश्नाभोवती झाली आहे, आणि तीही पाठीशी कोणतीही जुनी संस्था, दफ्तर, देणगीदार वा पगारी कारकून नसताना. लेखिकेने प्रस्तावनेसाठी हस्तलिखित पाठविले तेव्हा ते मी एका बैठकीत वाचून काढले, याचे खरे कारण हेच.

येथे एक कबुलीजबाब देऊन टाकणे मला प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका बालवाङ्मय पारितोषिकाच्या परीक्षक मंडळावर माझी नेमणूक झाली होती. सुतळीने बांधलेले पुस्तकांचे दोन गठ्ठे घरी येऊन पडले ते बैठकीच्या आधी नऊ दिवस. त्यांत एकंदर एकसष्ट पुस्तके होती, आणि त्याच नऊ दिवसांत घरात एक लग्नही होते. बैठकीस आम्ही तिघे जमलो, चहा आला, आणि रिकामे कप उचलले जाण्यापूर्वी निकालाचा मसुदा तयार झाला. त्या अर्ध्या तासात एका कादंबरिकेविषयी 'उत्तरार्धात पकड सुटते' असे मत मी गंभीर मुद्रेने नोंदविले, ते उरलेल्या दोघांनी तितक्याच गंभीर मुद्रेने उचलून धरले, आणि ती कादंबरिका बाजूस पडली. तिचा उत्तरार्ध मी वाचलेला नव्हता. पुढे एका पावसाळ्यात तो वाचला, तेव्हा ध्यानात आले की ती गोष्ट खरी उभी राहते ती तेथेच. आम्हा तिघांपैकी कोणी लबाड होते असे मला आजही म्हणवत नाही. वेळ अपुरा होता, बिदागी ठरलेली होती, निकालाची तारीख छापून गेलेली होती, आणि आमच्यापैकी कोणी काय वाचले याची कैफियत मागणारा अधिकारी अस्तित्वात नव्हता. पुरस्कारांच्या दुनियेत अन्याय होतो तो बहुधा असाच, कोणाच्याही दुष्ट हेतूविना.

आता मूळ विषयाकडे वळतो. २००६ साली अमेरिकेत ॲन बोल्स लेव्ही आणि केली हेरॉल्ड या दोघींनी, बालपुस्तकांविषयी आपापल्या ब्लॉगवर नियमाने लिहिणाऱ्या समव्यसनी मंडळींना हाताशी धरून, एक नवा पुरस्कार स्थापन केला. 'ब्लॉग' या शब्दाला आपल्याकडे 'अनुदिनी' असा एक देखणा प्रतिशब्द कोणी सुजाणाने सुचविला होता. तो रूढ झाला नाही याची मला हळहळ वाटते, कारण दिवसामागून दिवस कोणी न सांगता लिहीत राहणे हा जो या व्यवसायाचा, किंवा अधिक अचूक बोलायचे तर या व्यसनाचा, प्राण आहे तो त्या शब्दात नेमका उतरला होता. बालकांच्या आणि कुमारांच्या साहित्यावर लिहिणाऱ्या या अनुदिनीकारांच्या पुरस्काराचे लांबलचक इंग्रजी नाव आखडून त्यांनी 'सिबिल्स' असे केले. उच्चार ऐकताच प्राचीन रोममधील सिबिल या भविष्यवादिनीची आठवण व्हावी, असे ते नाव आहे. या सिबिलेची एक आख्यायिका आहे: तिने टार्क्विन राजापुढे नऊ ग्रंथ विक्रीस ठेवले; राजाने किंमत भारी म्हणून नाकारली, तेव्हा तिने तीन ग्रंथ अग्नीत टाकले आणि उरलेल्या सहांची तीच किंमत सांगितली; पुन्हा नकार मिळताच आणखी तीन जाळले; अखेर राजाने उरलेले तीन मूळच्या किमतीला मुकाट्याने घेतले. ग्रंथांची संख्या घटवीत नेऊन उरलेल्यांचे मोल वाढविण्याची ही रीत पुरस्काराच्या कल्पनेशी फारच मिळतीजुळती आहे. भेद इतकाच की या नव्या सिबिल्सनी अग्नीऐवजी वाचनाचा आश्रय घेतला.

परंतु अमेरिकेत बालसाहित्याच्या पुरस्कारांचा तुटवडा होता म्हणून हा खटाटोप झाला, असे कोणी समजू नये. पुस्तकव्यवसायाच्या एका साप्ताहिकाचे संपादक फ्रेडरिक मेल्चर यांनी १९२१ साली ग्रंथपालांच्या परिषदेत मांडलेल्या सूचनेवरून जे न्यूबेरी पदक सुरू झाले, ते या क्षेत्रातील जगातले आद्य मानले जाते. अठराव्या शतकात लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या आवारात मुलांसाठी खेळकर पुस्तके छापून विकणाऱ्या जॉन न्यूबेरी या पुस्तकविक्याचे नाव त्यास दिलेले आहे. पहिले पदक १९२२ साली हेंड्रिक विलेम व्हॅन लून यांच्या मानवजातीच्या इतिहासास मिळाले, आणि ते कसे मिळाले हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे: बालविभागाच्या ग्रंथपालांनी एकूण २१२ मते दिली, त्यांपैकी १६३ या एकाच ग्रंथाला पडली. म्हणजे या परमप्रतिष्ठित पदकाचा जन्मही साध्या मतदानातूनच झाला. पुढे लवकरच तो अधिकार निवडक समितीकडे गेला आणि आज पंधरा जणांची समिती बंद दाराआड बसून निर्णय देते. तेथील चर्चा गुप्त ठेवण्याची सक्त ताकीद असते. निकालाचा आणि सन्मानाच्या दुय्यम यादीचा पुकारा होतो, पण त्यांखेरीज आणखी कशाचा विचार झाला आणि ते का मागे पडले, हे बाहेर येत नाही.

या समितीच्या सभासदांविषयी मला अनादर नाही. तेही विनावेतनच झिजतात, वर्षभर वाचतात, आणि पदरमोड करून सभांना जातात. स्वयंसेवा ही काही सिबिल्सवाल्यांनी लावलेला शोध नव्हे. तथापि विद्वानांच्या पंगतीला बालकाची रुची अनेकदा परकी ठरते, याचे दाखले न्यूबेरीच्या इतिहासातच आहेत. १९५३ साली ते पदक ॲन नोलन क्लार्क यांच्या अँडीज पर्वतातील लामापालक मुलाच्या कथेला दिले गेले, आणि ई. बी. व्हाइट यांच्या 'शार्लट्स वेब'ला, म्हणजे डुकराच्या पिलाचा जीव वाचविणाऱ्या त्या कोळिणीच्या कथेला, सन्मानाच्या दुय्यम यादीवर समाधान मानावे लागले. पदक मिळालेले ते पुस्तक आज ग्रंथपालांना स्मरते. कोळीण मात्र घरोघरी आहे. पुढे २००८ साली समीक्षिका अनिता सिल्व्ही यांनी एका ग्रंथालयविषयक मासिकात, न्यूबेरीची वाट चुकली आहे काय, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला तेव्हा मोठी खळबळ माजली. पण वाट चुकल्याची कुजबुज त्यापूर्वीपासून चालूच होती. दुसऱ्या टोकाला, २००५ साली क्विल नावाचे पुरस्कार निघाले होते. तेथे वाचकांनी मतदान करावे आणि ज्याचा बोलबाला अधिक त्याने बक्षीस न्यावे, असा खाक्या होता. बोलबाला हा विकत घेता येतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही निवडणुकीत उभा राहिलेला मनुष्य सांगू शकेल. क्विल पुरस्कार तीन वर्षांत बंद पडले.

या दोन टोकांच्या मधला मार्ग आपण धरावा, हे सिबिल्सच्या संस्थापकांनी स्वयंपाकघरातील उपमेने सांगितले. काही पुरस्कार म्हणजे ब्रसेल्स स्प्राउट्स ही लहानग्या गड्ड्यांची भाजी, जी गुणकारी म्हणून मोठी माणसे मुलांच्या ताटात वाढतात आणि मुले ताटाच्या कडेला सारतात. काही पुरस्कार म्हणजे अस्वलाच्या आकाराच्या चिकट गोड गोळ्या. आणि आपला पुरस्कार म्हणजे चांगल्या, निर्भेळ कोंबडीचे तळलेले तुकडे, जे मूल मागून खाते आणि जे अंगीही लागतात. हीच उपमा कोणी मराठी गृहिणी देती तर तिने कारले, बर्फाचा गोळा आणि लोण्याच्या गोळ्यासह वाढलेले थालीपीठ अशी त्रयी मांडली असती, आणि आशय तिळमात्र बदलला नसता. वाङ्मयीन गुणवत्ता आणि बालकाला वाटणारी ओढ या दोन्ही कसोट्या एकाच वेळी लावावयाच्या, एकीच्या नावाने दुसरीला सूट द्यावयाची नाही, हे या पुरस्काराचे पहिले कलम होय. हे कलम लिहिण्यास जितके सोपे तितकेच पाळण्यास कठीण, कारण पहिल्या कसोटीवर भांडण करता येते. दुसरीवर मुलाला समोर बसवून पुस्तक वाचून दाखवावे लागते. परीक्षकांत शिक्षक होते, शालेय ग्रंथपाल होते, रात्री मुलांना निजविताना वाचून दाखविणारे आईबाप होते. त्यामुळे ही परीक्षा त्यांना घरच्या घरी घेता आली.

आता कार्यपद्धतीचे थोडे सविस्तर वर्णन करतो; वाचकाने कंटाळू नये, कारण या पुरस्काराचा अर्थ त्याच्या जाबत्यातच आहे. दरवर्षी १ ऑक्टोबरला दार उघडे व्हावयाचे आणि १५ तारखेला बंद. या पंधरवड्यात कोणीही, अक्षरशः कोणीही, प्रत्येक विभागात एक याप्रमाणे आपल्या आवडीच्या पुस्तकाची शिफारस करू शके. अट इतकीच की पुस्तक इंग्रजीत, फार तर द्वैभाषिक, आणि आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या मध्यापासून चालू ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या मुदतीत अमेरिकेत किंवा कॅनडात प्रसिद्ध झालेले असावे. विभाग अनेक: चित्रपुस्तके, नव्याने वाचू लागलेल्यांची पुस्तके, कविता, माहितीपर ग्रंथ, चित्रकादंबऱ्या, अद्भुतरम्य कथा, किशोरांच्या आणि कुमारांच्या कादंबऱ्या, पुढे २०११च्या सुमारास पडद्यावर वाचावयाच्या पुस्तक-ॲपसाठीही एक विभाग निघाला, ज्याची गरज मला पटलेली नाही. अर्ज करावा लागत नसे, प्रवेशमूल्य नसे, प्रकाशकाची मेहेरबानी नसे. या मोकळिकीचा परिणाम असा की कित्येक विभागांत शंभराच्या वर पुस्तके येऊन पडत.

आणि येथे खरा कस लागे. पहिल्या फेरीचे पंच, प्रत्येक विभागास साधारण पाच ते सात, ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत हा डोंगर उपसत. प्रत्येकाने प्रत्येक पान वाचावे असा अशक्य हुकूम काढण्यात आला नव्हता, परंतु शिफारशीने आलेले एकही पुस्तक कोणी न वाचता बाद होता कामा नये, ही तजवीज मात्र कटाक्षाने केलेली असे. ग्रंथालयातून पुस्तके आणावयाची, प्रकाशकांकडून परीक्षणप्रती मागवावयाच्या, त्या टपालाने येईपर्यंत दुसरी वाचावयाची, वाचलेल्यांवर टिपणे करावयाची, ती एकमेकांस पाठवावयाची, एखाद्याने उचलून धरलेले पुस्तक उरलेल्यांनीही वाचावयाचे, आणि शेवटी हुज्जत घालून पाच ते सात पुस्तकांची अंतिम यादी बांधावयाची, असा हा तीन महिन्यांचा वसा. ही यादी १ जानेवारीस जाहीर होई. त्यानंतर दुसऱ्या फेरीचे पंच, जे पहिल्यांपैकी नसत, नव्याने बसत; त्यांनी फक्त ही मोजकी पुस्तके वाचावयाची, सगळ्यांनी सगळी वाचावयाची, आणि १४ फेब्रुवारीस निकाल द्यावयाचा. ज्यांनी रान तुडवून शिकार शोधली त्यांनीच नेम धरू नये, या विभागणीत मला मोठे शहाणपण दिसते. शंभर पुस्तके वाचून थकलेल्या डोळ्याला शंभरावे पुस्तक उगाच नावीन्यपूर्ण वाटते किंवा उगाच नीरस वाटते, हे कोणताही परीक्षक प्रामाणिकपणे कबूल करील. आमच्या त्या चहाच्या बैठकीत रान तुडविणाराही मीच होतो आणि बाण सोडणाराही मीच. फक्त तुडविले नव्हते एवढेच.

आणखी एक विशेष सांगावयाचा राहिला. अंतिम यादीतील प्रत्येक पुस्तकासोबत, ते यादीत का आले, याचे चार ओळींचे निवेदन पंच लिहून देत. न्यायाधीशाने निकालपत्रात कारणमीमांसा द्यावी हा कायद्याचा दंडक आहे. साहित्याच्या न्यायसभेत मात्र तो अपवादानेच पाळला जातो, आणि आपल्याकडील बहुतेक निवाडे 'आशयसंपन्न', 'संस्कारक्षम' या दोन विशेषणांच्या शिक्क्यावर निकालात निघतात.

फलश्रुती कशी होती? पहिल्याच वर्षी कुमारांच्या चित्रकादंबरीचा मान जीन लुएन यांग यांच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज'ला मिळाला. चिनी पुराणातील वानरराजा, अमेरिकन शाळेत आपले चिनीपण लपवू पाहणारा मुलगा आणि अमेरिकन लोकांच्या मनातील चिन्याचे विद्रूप व्यंगचित्र, अशा तीन कथा अखेरीस एकीत मिळविणारे ते पुस्तक त्याच हंगामात ग्रंथपालांचे प्रिंट्झ पारितोषिकही घेऊन गेले, आणि ते मिळविणारी ती पहिलीच चित्रकादंबरी. परदेशात मुले वाढविणाऱ्या मराठी आईबापांनी ती आवर्जून वाचावी. घरच्या डब्यावरून मुलाला शाळेत चिडवले जाणे म्हणजे काय, हे तीत आहे. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २००८च्या पुस्तकांतून, किशोरांच्या अद्भुतकथेचा पुरस्कार नील गेमन यांच्या 'द ग्रेव्हयार्ड बुक'ला आणि कुमारांचा सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'ला गेला. पहिल्या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाल्याचे त्यापूर्वी थोडेच दिवस जाहीर झाले होते, आणि पुढे ब्रिटनचे कार्नेगी पदकही मिळाले. दुसऱ्याची कीर्ती चित्रपटाने दिगंत नेण्यास अजून तीन वर्षे अवकाश होता. हौशी म्हणून ज्यांना हिणवले जाते त्यांचा निर्णय पदवीधरांच्या निर्णयाशी कधी जुळला, कधी त्यांच्या पुढे धावला. प्रत्येक वेळी असे घडले असा दावा मी करीत नाही. कित्येक विजेते आज कोणाच्या स्मरणात नाहीत, आणि तसे ते सर्वच पुरस्कारांचे होते.

हे सारे त्याच काळात का उगवले, याचे उत्तर अमेरिकन वृत्तपत्रांच्या जमाखर्चात सापडते. ग्रंथपरीक्षणाची स्वतंत्र पुरवणी चालविणे मालकांना परवडेनासे झाले होते. लॉस एंजेलिस टाइम्सची पुरवणी २००८ साली आणि वॉशिंग्टन पोस्टची २००९ साली स्वतंत्र रूपाने बंद झाली, आणि त्या पुरवण्यांतही बालपुस्तकांच्या वाट्याला नेहमीच कोपरा आलेला. जागा रिकामी झाली ती घरच्या टेबलाशी बसून लिहिणाऱ्यांनी भरून काढली. एकमेकांस केवळ लेखणीने ओळखणारी ही मंडळी ऑक्टोबर २००७ मध्ये शिकागो येथे प्रथम परिषद भरवून समोरासमोर भेटली, आणि पुढील वर्षी पोर्टलंडला. वर्षभर एकाच पुस्तकावर भांडलेली माणसे प्रथमच भेटतात तेव्हा काय बोलत असतील, याचे मला कुतूहल आहे.

गुण गायिले, आता दोष. परीक्षणप्रती प्रकाशकांकडून फुकट येत. जो पुस्तक फुकट देतो त्याच्याविषयी जीभ थोडी मऊ होते, हा मनुष्यस्वभाव. अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २००९पासून अंमलात आणलेल्या मार्गदर्शक नियमांत, फुकट मिळालेल्या वस्तूची स्तुती करणाऱ्याने ती फुकट मिळाल्याचे उघड सांगावे, असे म्हटले, तेव्हा पुस्तकांवर लिहिणाऱ्यांत बराच संताप उसळला. वृत्तपत्रांचे परीक्षक पिढ्यान्‌पिढ्या फुकट प्रती घेत आले त्यांना कोणी विचारले नाही, आम्हालाच का, ही त्यांची हरकत. हरकतीत तथ्य होते. तरीही उघड सांगणे हेच बरे. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. ज्यांच्यासाठी पुस्तके लिहिली जातात त्यांचा या पंचायतीत मतदार म्हणून प्रवेश नव्हता. बालकाची रुची ही कसोटी, पण ती लावणार प्रौढ! मुलांच्या प्रत्यक्ष मतांवर चालणारे उपक्रम अमेरिकेत १९४०पासून आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. सिबिल्सवाल्यांनी तो मार्ग धरला नाही, आणि माझ्या मते त्यांनी शिताफीने एक पंचायत टाळून दुसरी ओढवून घेतली.

मराठी वाचकाला या सर्वाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आपल्याकडे मुलांच्या वाचनाचा भार एकेका माणसाने हौसेने उचलल्याची परंपरा जुनी आहे: विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले आणि दीर्घकाळ जवळजवळ एकहाती लिहून चालविले, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केले. लिहिणाऱ्यांची हौस आपल्याला परकी नाही. साहित्य अकादमीने २०१०पासून बालसाहित्य पुरस्कार देण्यास आरंभ केला, आणि मराठीत पहिला मान अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला मिळाला, तो निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. उणीव आहे ती वाचणाऱ्यांच्या हौसेची, वर्षभरात निघालेली मराठी बालपुस्तके कोणीतरी सगळी वाचली आहेत असे ठामपणे म्हणता येण्याची. इंग्रजीच्या मानाने ती संख्या थोडी आहे. तीन महिने आणि सहा-सात चिवट माणसे एवढेच भांडवल त्याला लागेल, आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या शाळांतही अशी माणसे आहेत, कारण मला पत्रे लिहिणाऱ्यांत ती आढळतात.

पुस्तिकेच्या अखेरीस लेखिकेने विजेत्या पुस्तकांची नामावळी प्रथम आणि अंतिम याद्या त्यानंतर, बारीक टाइपात दिल्या आहेत. वाचकांनी हा क्रम उलटा करावा, अशी माझी विनंती आहे: मुलासाठी पुस्तक शोधावयाचे असेल तर आधी १ जानेवारीची यादी पाहावी, तिच्यातील पाच-सात पुस्तके मिळतील तशी घरी आणावी, मुलाच्या हाती द्यावी, आणि मगच कोण जिंकले ते पान उघडावे.